सौर पंप घ्यावा की दिवसाच्या विजेची वाट पाहावी?

विहीर झाली, विजेची जोडणी अजून नाही, अशा शेतकऱ्यापुढे सध्या दोन वाटा आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून स्वतःचा पंप घ्यायचा, नाहीतर जोडणीसाठी थांबून सौर कृषी वाहिनीच्या, म्हणजे सौर प्रकल्पातून शेतीच्या वीजवाहिनीला मिळणाऱ्या, दिवसाच्या विजेवर भिस्त ठेवायची.

पैशांचा हिशेब पटकन उरकतो. सौर पंपाला सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. जोडणी असली तर साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल २०२४ पासून सरकार भरतंय. ती सवलत मार्च २०२९ पर्यंतची. पॅनेल त्यापुढेही बरीच वर्षं चालेल, एवढं सौरच्या बाजूने.

खरा फरक पाण्याच्या धारेत दिसतो. सौर पंप सकाळी नऊला करंगळीएवढं पाणी देतो, अकरा ते तीन जोरात चालतो आणि ढग आला की धार मोडते. पाटपाण्याला हे खपतं. ठिबकला नाही, दाब पडला की शेवटच्या नळीपर्यंत पाणी जातच नाही. शेततळं किंवा उंचावर टाकी नसेल तर ठिबकवाल्याने सौरच्या नादी लागू नये, असं माझं मत.

वाहिनीच्या विजेला मागे ग्रिड असतं, म्हणून ढगाने दाब पडत नाही. रात्री बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धाकात पिकाला पाणी देत दारं धरणं टळतं. पण डीपी, म्हणजे शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की ऊन डोक्यावर असूनही मोटर बंद.

दोन्हीकडे युनिट जवळपास फुकट, त्यामुळे उपशाला लगाम कुठेच नाही. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने सहा शेतकऱ्यांनी सौर सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकली. विजेला भाव आला की माणूस पाणी उपसण्याआधी हिशेब करतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या सुट्या सौर पंपाला ही सोय नाही. विहीर आटली की पॅनेल नुसतं तापत बसतं.

म्हणून आधी एप्रिलमधली विहीर आठवा. दोन तासांत तळ दिसत असेल आणि झरे हळूहळू भरत असतील, तर दिवसभर संथ चालणारा तीन एचपीचा सौर पंप बरा. पाणी भरपूर आणि पीक ठिबकवर असेल, तर जोडणीसाठी थांबलेलं परवडतं.