शब्दयादी की संरक्षणाच्या बातम्या?

संरक्षण क्षेत्रातले इंग्रजी शब्द शिकायचे, तर शब्दयादी पाठ करावी की बातम्या वाचाव्यात? यादी पाठ करायला सोपी. ‘सीझफायर’, ‘ट्रूस’, ‘आर्मिस्टिस’ या तिन्हींपुढे एकच अर्थ: युद्धबंदी. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण माझं मत बातम्यांना. कोरियात १९५३ साली ‘आर्मिस्टिस’ झाला, शांतता करार मात्र आजवर नाही. हे एकदा वाचलं की शब्द डोक्यात पक्का बसतो. १९६२ साली क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेचप्रसंग उभा राहिला, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी ‘ब्लॉकेड’ टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटलं, कारण नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरली असती. असला बारकावा यादीत कुठून येणार? ‘सँक्शन’ तर मंजुरीही आणि निर्बंधही! बातमीतलं वाक्यच सांगतं, कुठला अर्थ घ्यायचा ते. तोटा एवढाच, की रोजच्या बोलण्यातले साधे शब्द तिथे फारसे भेटत नाहीत. (सकाळी सकाळी क्षेपणास्त्रं वाचून मन उदास होतं, ते वेगळंच.)