झाडावर चढायच्या स्टिक : ॲल्युमिनियम घ्यायच्या की कार्बन फायबर?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय जवळजवळ मिटलाच. तेव्हा हे लिहितोय ते अमेरिकेत राहून, हंटर एज्युकेशनचा कोर्स आणि लायसन्स रीतसर करून, धनुष्यबाण घेऊन व्हाइटटेल हरणांच्या मागे लागलेल्या आपल्या मंडळींसाठी. खासगी शेतावर मचाण बांधून ठेवायची सोय असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, साधी शिडी लावा. सरकारी जंगलात मात्र बहुतेक ठिकाणी झाडाला स्क्रूच्या पायऱ्या ठोकता येत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी सामानही रोज उतरवून न्यावं लागतं. मग सॅडल (झाडाला दोराने बांधून लोंबत बसायचा पट्टा) किंवा छोटं मचाण आणि तीन-चार स्टिक पाठीवर घेऊन पहाटेच्या अंधारात चालायचं. स्टिक म्हणजे साधारण अर्ध्या मीटरची नळी, दोन्ही टोकांना पाय ठेवायच्या पायऱ्या. खोडाला एकीवर एक बांधत १५-२० फूट वर जायचं.

वजनाचं आधी बघू, कारण जाहिरात तिथूनच सुरू होते. ॲल्युमिनियमची बरी स्टिक दीड ते अडीच पौंडांची असते. टिंबर निंजा किंवा लॅटिट्यूड या कंपन्यांची कार्बनची स्टिक एका पौंडाच्या आसपास. घनतेचा फरक खरा आहे : ॲल्युमिनियम २.७, कार्बनचं कंपोझिट (कार्बनतंतू आणि राळ) १.६ च्या आगेमागे. पण पायऱ्या आणि खोडाला टेकणारे कंस बऱ्याचदा धातूचेच असतात, त्यामुळे घनतेतली सगळी बचत तुमच्या पाठीपर्यंत पोचत नाही. शिवाय जाहिरातीतलं वजन पुष्कळदा पट्टा किंवा दोर सोडून असतं. चार स्टिकचा हिशेब केला तर साधारण दीड-दोन किलो वाचतात, आणि त्यासाठी ॲल्युमिनियमच्या चांगल्या सेटच्या दुप्पट-तिप्पट पैसे जातात.

त्याआधी दोन स्वस्त उपाय करून बघा. बकलचा पट्टा काढून ॲमस्टीलचा (नावात स्टील असलं तरी हलक्या कृत्रिम धाग्यांचा) दोर लावला की वजनही उतरतं आणि लोखंडी बकलचा आवाजही जातो. दुसरा उपाय एडर, म्हणजे स्टिकखाली लोंबणारी पट्ट्याची पायरी. एडरने प्रत्येक स्टिकमागे उंची वाढते आणि चौथी स्टिक घरी ठेवता येते. एक अख्खी स्टिक कमी होणं म्हणजे कार्बनमधून मिळणाऱ्या बचतीचा मोठा वाटा जवळपास फुकट पदरात. फक्त एडरवर पाय खोडाकडे आत सरकतो, म्हणून सराव जमिनीलगत करा.

माझ्या मते कार्बनची खरी जमेची बाजू आवाज ही आहे. ॲल्युमिनियमची पोकळ नळी दुसरीला लागली की खणकन वाजते, आणि गोठलेल्या नोव्हेंबरच्या पहाटे तो आवाज कुठवर जातो ते हरणाला विचारा. कार्बन लागला तर नुसतं ठक्क होतं, ओल्या लाकडासारखं. हाताला गारही कमी लागतो. ॲल्युमिनियमवाले यावर कापडी टेप गुंडाळतात. त्याने काम भागतं, पण टेपचंही वजन असतंच.

आता उलटी बाजू. ॲल्युमिनियम वाकतं, त्याला पोचा पडतो, म्हणजे तुटण्याआधी बहुतेक वेळा ते दिसतं. कार्बन वाकून इशारा देत नाही. दगडावर पडला, ट्रकच्या टेलगेटमध्ये चेपला, तर वरचा थर जसाच्या तसा आणि आतले थर सुटलेले असं होऊ शकतं. धनुर्धाऱ्यांना हे नवं नाही. कार्बनचा बाण प्रत्येक नेमाआधी हलकेच वाकवून कान देऊन बघायचा, चरचरला की फेकायचा, हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. स्टिक तशी वाकवता येत नाही. तिच्यावर नाण्याने इंचाइंचावर टकटक करा : सगळीकडे टणक आवाज आणि एखाद्याच जागी भद्द आला तर ती स्टिक बाद. पायरी नळीला जुळते तिथे जास्त वेळ द्या. पाय नळीपासून लांब टेकतो, त्यामुळे सगळा पीळ त्या सांध्यावर येतो. एवढी शिस्त दर हंगामात पाळणं जमणार नसेल तर कार्बन घेऊच नका.

घरी नळ्या आणून स्वतः बनवायचा विचार करणारेही असतात. इंजिनियर लोकांना हात शिवशिवतात, समजतं. पण बाजारातल्या स्वस्त पल्ट्रुडेड (साच्यातून ओढून काढलेल्या) नळीत सगळे तंतू लांबीच्या दिशेने असतात. बोल्ट आवळला की ती बांबूसारखी उभी चिरते. आडवे-तिरपे थर असलेली गुंडाळलेली नळी महाग पडते, तिलाही भोक पाडलं की तंतू तुटतात, आणि ॲल्युमिनियमची पायरी थेट कार्बनला टेकली तर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजत जातं, मध्ये काचतंतूचा थर द्यावा लागतो. वीस फुटांवर स्वतःचा पहिला इपॉक्सी सांधा तपासायची हौस मला तरी नाही.

टेथर्ड या कंपनीने टायटॅनियमच्या स्टिकही आणल्यात. हलक्या, आणि धातूच असल्याने मारही सोसतात. किंमत मात्र कार्बनच्याच पंक्तीतली.

तर : गाडीपासून दहा-पंधरा मिनिटांत झाड येत असेल तर ॲल्युमिनियम, दोर आणि एडर. मैल-दीड मैल दलदल किंवा डोंगर तुडवून जाणार असाल, तेही हंगामभर, तर कार्बनचे पैसे वसूल होतात. पहिलाच हंगाम असेल तर आधी हार्नेस, लाइनमन बेल्ट (खोडाभोवती फिरवून हार्नेसला अडकवायचा दोर) आणि लाइफलाइन (वरून खाली सोडलेला, हार्नेसला जोडायचा सुरक्षेचा दोर) चांगल्यातले घ्या, आणि पाय जमिनीवरून उचलताक्षणी त्यात अडकलेले असा. स्टिकचं पुढच्या वर्षी बघता येईल.

वापरलेल्या स्टिक घ्यायच्या तर ॲल्युमिनियमच्याच. वेल्ड आणि पोचे बघून व्यवहार करता येतो. वापरलेली कार्बनची स्टिक अर्ध्या किमतीत मिळाली तरी सोडून द्या, विकणाऱ्यालाही ती कुठे आपटली होती ते आठवत नसतं.