नववी-दहावीला आधी कुठलं द्यायचं, 'आमचा बाप आन् आम्ही' की 'स्मृतिचित्रे'?

मुलांच्या हातात मी आधी नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' देईन, १९९३ चं पुस्तक आहे आणि त्यात बाप स्वतःच्या बोलीत बोलतो, त्यामुळे एरवी पुस्तकाला हात न लावणारं पोरगंही वाचत सुटतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मात्र १९३० च्या दशकातलं, भाषा साधीच पण सोवळंओवळं, बालविवाह, त्यांचे पती ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती होणं हे समजावून सांगायला कुणीतरी सोबत लागतं, म्हणून ते शिक्षकांनी आधी स्वतः वाचावं आणि वर्गात मोठ्यानं वाचून दाखवावं. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराचे झालेले हाल त्या इतक्या मिश्किलपणे सांगतात ना, की मुलं हसतात आणि मग प्रश्न विचारतात. एकच कॉपी घेण्याइतकं बजेट असेल तर लायब्ररीत जाधवांचंच ठेवा, प्लीज.