13,000 वर अडलेली फाइल: एस914 आणि आयबीएम आय, 14 महिन्यांनंतर

आयबीएमचा पॉवर एस914 सर्व्हर घेऊन 14 महिने झाले, चार कोअर, ऑपरेटिंग सिस्टीम आयबीएम आय 7.4. स्पेक वाचणाऱ्यांना माहितीच आहेत त्यामुळे त्यात जात नाही. भोसरी एमआयडीसीत आमचा ऑटो पार्ट्सचा छोटा कारखाना आहे, बिलिंग, स्टोअर, डिस्पॅच सगळं आम्हीच लिहिलेल्या आरपीजी (या मशीनची जुनी प्रोग्रामिंग भाषा) प्रोग्रामवर चालतं आणि ते सांभाळायला मी एकटाच आहे. हा अनुभव खरं तर एप्रिलमध्ये चिडून लिहायला घेतला होता, तेव्हा दोन स्टार देणार होतो.

1 एप्रिल, सकाळी पावणेआठ. डिस्पॅचच्या काकांचा फोन, "साहेब, गेटवर गाडी उभी आहे, ड्रायव्हर ओरडतोय आणि गेटपास प्रिंटच होत नाहीये." घरूनच लॉगिन करून वर्क-ॲक्ट-जॉब (चालू जॉबची यादी) बघितलं तर रात्रीचा ई-इन्व्हॉइसचा जॉब एमएसजीडब्ल्यूमध्ये बसलेला, म्हणजे मेसेजच्या उत्तराची वाट बघत. आमच्याकडे क्यूबॅच (बॅकग्राउंड जॉबची रांग) एका वेळी एकच जॉब चालवतं (डीफॉल्टच तसा आहे, मी कधी बदलला नव्हता), त्यामुळे त्याच्या मागे 11 जॉब रांगेत आणि गेटपास त्यातच. वर्षअखेरची रात्र, 31 मार्चची बिलं आणि हे.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं आणि ज्यांना एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे भरतो त्यांना फोन लावला. मेसेजमध्ये 'मेंबर इज फुल' आहे म्हणल्यावर तिकडून लगेच, "सर, डिस्क फुल झाली तुमची, वाढवावी लागेल." अर्ध्या तासात मेलवर कोटेशन, दोन लाख चाळीस हजार प्लस जीएसटी. मशीनला लॉगिन केलं नाही, एक स्क्रीनशॉट मागितला नाही. मी वर्क-सिस-एसटीएस (सिस्टीमची स्थिती दाखवणारी स्क्रीन) उघडलं तर डिस्क 38 टक्के भरलेली. ते कळवलं तर म्हणे इंजिनिअर सोमवारी येईल. त्या दिवशी जो राग आला तो अजून आहे.

मग कर्सर मेसेजवर नेऊन एफ1 दाबलं. मेसेजचा नंबर सीपीए5305. खाली नीट लिहिलेलं असतं की काय झालं आणि कुठलं उत्तर दिलं तर काय होईल, सी म्हणजे कॅन्सल, आय म्हणजे जागा वाढवून पुढे जा. सीआरटीपीएफ कमांडने फाइल बनवताना साइज दिली नाही तर 10,000 रेकॉर्ड, त्यावर 1,000 ची वाढ आणि अशी वाढ तीनच वेळा. एकूण 13,000. ही ई-इन्व्हॉइसची लॉग फाइल मीच मागच्या मे महिन्यात डीडीएसमधून (फाइलची रचना लिहायची जुनी पद्धत) बनवली होती आणि साइज द्यायची राहिली होती. रोजची 45-50 बिलं धरा, अकरा महिन्यांत 13,000 होणारच होते, ते नेमके 31 मार्चच्या रात्री झाले. डिस्कचा काहीही संबंध नाही.

आता मत का बदललं ते. चिडण्याच्या भरात मी सी दाबणार होतो, जॉब मारायचा आणि परत सोडायचा. थांबलो कारण आमचा प्रोग्राम आधी सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलला बिल पाठवतो, तिकडून आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) येतो आणि मग तो फाइलमध्ये लिहितो, आणि हा जॉब बरोबर त्या लिहिण्याच्या ओळीवर थांबलेला होता. म्हणजे सरकारकडे बिल नोंदलं गेलेलं, नंबर आलेला, पण तो फक्त प्रोग्रामच्या व्हेरिएबलमध्ये. जॉब मारला असता तर तो नंबर गेला असता, परत पाठवल्यावर पोर्टल डुप्लिकेट म्हणलं असतं, आणि आयआरएन कॅन्सल करायला 24 तासच मिळतात. मी आय टाकून एंटर मारलं. जॉब त्याच ओळीवरून पुढे सरकला, तो रेकॉर्ड लिहिला, उरलेली बिलं केली आणि मग रांगेतले जॉब एकेक करत सुटले. थोड्या वेळाने काकांचा फोन, "आला गेटपास." रात्रीचं प्रत्येक बिल पोर्टलशी ताडून बघितलं, एकही कमी नाही, एकही दोनदा नाही.

एवढे तास तो जॉब हातातला नंबर न टाकता उभा राहिला होता. याआधी ज्या सिस्टीमवर काम केलं तिथे असा प्रोग्राम पडायचा आणि सकाळी लॉग वाचत बसायला लागायचं की नक्की कुठपर्यंत झालं होतं. या एका गोष्टीसाठी मी हे मशीन परत घेईन, बाकी कुणी स्पीडचे आकडे काहीही सांगू दे.

दुपारी सगळे जेवायला बाहेर पडल्यावर सीएचजीपीएफ कमांडने त्या फाइलची साइज स्टार-नोमॅक्स, म्हणजे बिनमर्यादा, केली. प्रोग्राम परत कंपाइल करावे लागले नाहीत, रेकॉर्डचा फॉरमॅट बदलत नाही म्हणून. नवीन टेबल आता एसक्यूएलनेच बनवतो, त्यात ही मर्यादा मुळात येतच नाही. बरेच जण सल्ला देतात की सिस्टीम रिप्लाय लिस्टमध्ये उत्तर घालून टाका म्हणजे विचारायलाच येणार नाही. मी ते केलं नाही आणि करणारही नाही, कारण प्रोग्राम लूपमध्ये अडकून एकच रेकॉर्ड लिहीत सुटला तर बाकीच्या फाइलींवर हीच मर्यादा त्याला अडवते. त्याऐवजी दर दहा मिनिटांनी ॲक्टिव्ह-जॉब-इन्फो (चालू जॉबची माहिती देणारं एसक्यूएल फंक्शन) वरून एमएसजीडब्ल्यू शोधणारी क्वेरी लावली, सापडला की मला मेल येतो. चाळीस ओळींचा प्रोग्राम आहे, रात्री दोनला मेल आला तरी मी उठतो.

बाकीचं थोडक्यात. एसईयू या जुन्या एडिटरमध्ये नवीन फ्री फॉरमॅट आरपीजी लिहू नका, 6.1 नंतरचं सिंटॅक्स त्याला कळत नाही आणि बरोबर ओळीलाही एरर दाखवतो. व्हीएस कोडमधलं कोड फॉर आयबीएम आय एक्स्टेन्शन फुकट आहे, माझं सगळं काम आता त्यातच होतं. क्यूइनॲक्टआयटीव्ही (नुसत्या उघड्या राहिलेल्या स्क्रीनची वेळमर्यादा) लावणार असाल तर सोबतच्या व्हॅल्यूत एंडजॉब ऐवजी डिस्कनेक्ट ठेवा, स्टोअरवाल्यांची अर्धी भरलेली एंट्री जेवणाच्या सुट्टीत उडाली की ते तुमच्या टेबलाशी येतात. फुल बॅकअपला, म्हणजे गो सेव्ह मेनूचा 21 नंबरचा पर्याय, सगळ्यांना बाहेर काढावं लागतं, आम्ही महिन्यातून एका रविवारी करतो.

एएमसी या वर्षी फक्त हार्डवेअरची ठेवली. शेठना ते कोटेशन आणि 38 टक्क्यांची स्क्रीन शेजारी ठेवून दाखवली, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि सही केली. जूनमध्ये डीडीएसमधून बनवलेल्या सगळ्या जुन्या फाइली एकेक करून तपासल्या, सहा फाइलींना तीच 13,000 ची मर्यादा निघाली, त्यातली चलनाची फाइल 12,800 वर होती.