ग्राउलर दहा महिने वापरल्यावर: बिअरच्या आधी रिंग बघा

गटारीच्या रात्री मेहुणा आणि वहिनी जेवायला आले होते. बोंबील तळून तयार होते, ग्लास गार करून ठेवले होते आणि आदल्या संध्याकाळी अंधेरीहून ताजी भरून आणलेली गव्हाची बिअर फ्रीजमध्ये होती. मी ग्राउलरची, म्हणजे ताजी बिअर घरी भरून आणायच्या बाटलीची, क्लिप वर केली. एरवी 'टप्प' असा भरीव आवाज येतो, तो आलाच नाही. ओतल्यावर बोटभर फेस यायला हवा, तर ग्लासाच्या कडेला मोजून चार बुडबुडे. मेहुणा भला माणूस. "चांगली आहे की," म्हणाला आणि अर्धा ग्लास तसाच बाजूला ठेवला. उरलेली बिअर मी मोरीत ओतली. ओतताना फार वाईट वाटलं, कारण ती कोणीतरी जीव लावून बनवलेली होती आणि ती बिघडली माझ्या घरी.

वर्ष झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण त्या रात्रीनंतर थांबवेना.

 माझा ग्राउलर एक लिटरचा आहे, तपकिरी काचेचा, तारेच्या क्लिपच्या झाकणाचा. डिसेंबरमध्ये ११५० रुपयांना घेतला. २०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारने मायक्रोब्रुअरींना, म्हणजे स्वतःची बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ठिकाणांना, ग्राउलरमध्ये ताजी बिअर भरून द्यायची परवानगी दिली, तेव्हापासून मनात होतं. मी पार्ल्याला राहतो, पूर्वेला. बाहेर बसलं की बिअरच्या दुप्पट खाण्याचे जातात, वर सर्व्हिस चार्ज, वर रात्रीची रिक्षा. घरी आणली तर तेवढ्याच पैशांत दोन शुक्रवार होतात आणि सोबत आईच्या हातचे बोंबील. पैसे जपून खर्च करायची सवय आहे मला, आणि चांगलं प्यायचीही आवड आहे. दोन्ही एकत्र जमवणारी वस्तू मिळाली म्हणून पहिले चार महिने मी अगदी खूश होतो.

फ्रीजच्या दारावर एक कागद लावला होता. प्रत्येक वेळी काय भरून आणलं, कुठून, आणि दहापैकी किती गुण. मेपर्यंत त्यावर एकवीस नोंदी झाल्या. काळी स्टाउट बिअर सगळ्यांत वर, साडेआठ. त्याखाली सफरचंदाची सायडर, मग धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट. आयपीए ही कडवट बिअर साडेपाच. गव्हाची हेफेवायझन सगळ्यांत खाली, पाच, एकदा तर चार. ऑफिसात मी चार लोकांना छातीठोकपणे सांगितलंही होतं, की मुंबईत स्टाउट प्या, गव्हाच्या बिअरच्या नादी लागू नका.

हे मत चुकीचं होतं. कसं चुकलं ते नीट सांगतो, कारण माझ्यासारखं आणखी कोणाचं होत असेल.

मला खटकत होतं ते असं, की हीच गव्हाची बिअर जागेवर बसून प्यायलो की सुंदर लागायची. माझी मावशी डोंबिवलीला राहते. त्या डोंबिवलीत बनणारी गेटवे ब्रुअरीची व्हाइट झेन ही हेफेवायझन मी फोर्टात एका ठिकाणी नळावरची प्यायलो, तेव्हा ग्लास ओठाला लागायच्या आत पिकल्या केळ्याचा वास आला आणि मागून लवंग. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. हेफेवायझनचं यीस्ट आंबवताना स्वतःच ते वास तयार करतं, आणि फेसातून उठणाऱ्या वायूवर बसून ते नाकापर्यंत येतात. वायू गेला की वास उठत नाही, मागे राहतं ते गोडसर, पिठूळ पाणी. घरी मला नेमकं तेच मिळत होतं. मी मात्र दोष बिअर बनवणाऱ्यांना देत होतो.

श्रावण लागला की आमच्याकडे अनंत चतुर्दशीपर्यंत घरात बिअर येत नाही. हा आईचा नियम आहे आणि मला तो मान्य आहे. त्या दीड महिन्यात मी ग्राउलरची तपासणी केली. साधा सोडा आणून आत भरला, क्लिप लावली, बाटली हलवली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो तशी बादलीत आडवी बुडवली. काही सेकंद काहीच नाही. मग झाकणाच्या एका बाजूने मोहरीएवढा बुडबुडा सुटला. मग दुसरा. मग एकामागोमाग एक, माळेतले मणी ओघळावेत तसे. मी दहा मिनिटं बादलीशी उकिडवा बसून होतो. आई मोरीशी आली, तिने झाकणावरची रबरी रिंग काढायला लावली, दोन बोटांत दाबून बघितली आणि म्हणाली, "ही कडक झालीये रे. कुकरची अशी झाली की शिट्टी होत नाही." आईने आयुष्यात बिअरला तोंड लावलेलं नाही. दुखणं तिने अर्ध्या मिनिटात ओळखलं.

रिंग एका बाजूला चपटी झाली होती आणि वाकवली की बारीक भेगा दिसत होत्या. त्यात माझाही दोष होता. बाटली रिकामी असतानाही मी क्लिप लावूनच ठेवायचो, धूळ जाऊ नये म्हणून. रबर आठवडेच्या आठवडे दाबलेलं राहिलं की तो दाब त्यात कायमचा बसतो. वर मी दरवेळी उकळतं पाणी ओतायचो. मुंबईची दमट हवा होतीच.

आणि मग त्या कागदाचा अर्थ लागला. मी बिअरना गुण देतच नव्हतो. गळक्या बाटलीत कोणती बिअर किती तग धरते, त्याची ती यादी होती. स्टाउटमध्ये मुळात वायू कमी, आणि तिची चव भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची, कॉफीसारखी. थोडा वायू गेला तरी तिचं फारसं बिघडत नाही. हेफेवायझनमध्ये वायू भरपूर असतो आणि तिची सगळी गंमत त्याच्यावरच उभी असते, म्हणून ती आधी मेली. आयपीएचा कडूपणा टिकला, पण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, आंब्या-संत्र्यासारखा वास गेला, आणि वासाशिवाय नुसता कडूपणा म्हणजे काढा. दहा महिन्यांतला माझा सगळ्यांत मोठा धडा हाच आणि तो मिळाला एका रिंगेमुळे.

आता रिंग मिळवायची गोष्ट. जिथून ग्राउलर घेतला तिथे फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, मॅनेजर नाहीत. दुसऱ्यांदा, रिंग वेगळी येत नाही सर, नवीन ग्राउलर घ्या. तिसऱ्यांदा मी बाटली घेऊन स्वतः गेलो. काउंटरवरच्या मुलाने रिंग बघितली, आत जाऊन आला आणि पुन्हा तेच. मी विचारलं, "अहो, बाटलीला काही झालेलं नाही. काच अभंग आहे, तार घट्ट आहे. दहा-बारा रुपयांच्या रबरासाठी साडेअकराशेची बाटली टाकून द्यायची का?" तो म्हणाला, पॉलिसी आहे. मला खरंच संताप आला. मुलगा बिचारा नोकरी करत होता, त्याच्यावर राग नाही. पण ज्या वस्तूचा एकच भाग झिजतो तो भागच विकायचा नाही, याला काय म्हणायचं? कुकर बनवणारे पन्नास वर्षं रिंग विकतायत. मिक्सरचा कपलर मिळतो, फिल्टरची कँडल मिळते. ग्राउलर विकणाऱ्यांनी दोन जादा रिंगा पुडीत बांधून दिल्या तर त्यांचं काय जाणार आहे? दुसऱ्या एका ठिकाणी तर बाटलीवर भलत्याच ब्रुअरीचं चिन्ह आहे म्हणून भरूनच दिली नाही. घेताना हेही विचारून घ्या. शक्यतो कोणाचंही नाव नसलेली कोरी बाटली घ्या.

शेवटी शनिवारी नागदेवी स्ट्रीट गाठली. मशीद स्टेशनला उतरून चालत पाच-सात मिनिटं. रबर, पट्टे, बेअरिंग, पाइप, जे म्हणाल ते तिथे आहे. पहिल्या दुकानात काळी रिंग मिळाली, पाच रुपये. घरी येऊन सोडा भरला, बादलीत बुडवली, एक बुडबुडा नाही. मी खूश. सकाळी सोडा चाखला तर तोंडात टायर. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो, घट्ट बसणं पुरेसं नाही, खाण्यापिण्याला चालणारी रिंग हवी. पुढच्या शनिवारी परत गेलो. यावेळी एका वयस्कर शेठनी जुनी रिंग मापकात धरून बघितली, बाहेरून २९ मिलिमीटर, आणि विचारलं, "अंदर क्या रहता है? गरम या ठंडा?" बिअर म्हटल्यावर ते हसले नाहीत, मागच्या खोक्यातून दूधयंत्रात लागणाऱ्या पांढऱ्या सिलिकॉनच्या रिंगा काढल्या. बारा रुपयांना एक. सिलिकॉनमधून गॅस जरा पास होतो, महिनाभर ठेवायचं असेल तर घेऊ नका, असंही स्वतःहून सांगितलं. आमची बिअर तीन दिवसांच्या वर राहत नाही. सहा घेतल्या.

अनंत चतुर्दशीनंतर आतापर्यंत चार वेळा भरून आणला आहे. नवा कागद लावला, जुना फाडला नाही, शेजारीच ठेवला आहे.

हेफेवायझन: नऊ. दुसऱ्या दिवशीही क्लिप उघडताना तो 'टप्प' आला आणि स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, केळी आणलीस का. तिखट कोलंबीच्या रश्शाबरोबर याच्या तोडीची दुसरी बिअर मला माहीत नाही. मेहुण्याला मुद्दाम बोलावलं होतं. यावेळी ग्लास रिकामा झाला.

विट: आठ. धण्याचा वास आधी जाणवतच नव्हता, आता जाणवतो. आपल्या जिभेला तो ओळखीचा, त्यामुळे पहिल्यांदा क्राफ्ट बिअर पिणाऱ्याला मी हीच देईन.

आयपीए: साडेसात. पण ही आणली त्याच रात्री प्या. हॉप्सचा वास चांगल्या रिंगेतही दुसऱ्या दिवशी उतरतो, हे दोन वेळा तपासलं.

बासमती तांदूळ घातलेली टॉइट ब्रुअरीची ब्लाँड ही फिकट सोनेरी बिअर मात्र अजून घरी नीट आणता आलेली नाही. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात बसून प्यायली की ती इतकी हलकी आणि स्वच्छ लागते, की संध्याकाळचा शीण जातो. तिथून पार्ल्याला टॅक्सीने शुक्रवारी सव्वा तास. बिअर तापली की वायू द्रवात राहायला तयार नसतो, उघडताच उसळून बाहेर येतो. अंधेरीहून रिक्षाने पस्तीस मिनिटांत येणारी बिअर आणि ही, यांची तुलना करणं अन्यायाचं होईल. हिच्यासाठी जाड थर्मल पिशवी आणि दोन बर्फाच्या पुड्या घेतल्या आहेत. नळावर नायट्रोजन वायूने ओतून मिळणारी स्टाउट तर आणूच नका. तिचा तो सायीसारखा फेस बाटलीत टिकत नाही, जागेवर बसूनच प्या.

धुण्याबद्दल थोडं. भांड्यांचा साबण नको, त्याचा अंश राहिला की फेस बसतो. संपल्या संपल्या पाण्याने तीनदा खळखळून घ्या, पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तासभर ठेवा. मग उपडी, क्लिप उघडी, रिंग काढून वेगळी. पावसाळ्यात आत ओल राहिली तर कुबट वास धरतो, तो दोन भरण्यांपर्यंत जात नाही. भरून घेताना नळाला नळी लावून तळापासून भरायला सांगा आणि फेस तोंडाशी आल्यावरच झाकण लावू द्या, म्हणजे वर हवा राहत नाही. अंधेरीच्या डूलाली या ब्रुअरीत मी हे सांगितलं तेव्हा भरणारा मुलगा म्हणाला, तसंच करतो सर. पुण्यात २००९ मध्ये बिअर बनवायला सुरुवात केलेल्यांकडून हीच अपेक्षा होती. दारूचा परवाना खिशात असू द्या. भरलेली बाटली फ्रीझरमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका, काच फुटू शकते.

ग्राउलर घ्यावा का? घ्या. मी पुन्हा घेईन. पण दुकानात उभं असतानाच रिंग काढून दाबून बघा आणि ती सुटी मिळते का विचारा. नाही म्हणाले तर जुनी रिंग खिशात टाकून नागदेवीला जायची तयारी ठेवा, नुसतं माप सांगून चालत नाही.

माझ्या पाच जादा रिंगा आईने कुकरच्या रिंगांच्या डब्यात ठेवल्या आहेत. जुन्या कागदावरची पहिली नोंद, साडेआठ गुणांची स्टाउट, नव्या रिंगेने अजून आणायची आहे. शुक्रवारी आणतो.