दुधाच्या दाढेवरची स्टीलची टोपी: पैसे वसूल, पण एक्स-रे आधी

ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असताना पोर भाकरी दुधात कुस्करून मागत असेल, घास एकाच गालात धरून बसत असेल, तर तो लाड समजू नका, दाढ बघा. लहान मूल ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. ते हळू जेवतं, कमी जेवतं, रात्री नीट झोपत नाही आणि शाळेत पेंगतं. सोलापुरात ‘दुधाचेच दात, पडणारच की’ म्हणून हे चालवून घेणारी घरं पुष्कळ. पण मागची दुधाची दाढ १० ते १२ वर्षांपर्यंत लागते. ती लवकर काढली तर सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा अडते.

दोन दाढांच्या मधोमध कीड असेल तर सिमेंट भरणं फार काळ टिकत नाही. कडा तुटते, आत पुन्हा कीड. तिथे हॉल टेक्निकची टोपी, म्हणजे कीड न कोरता दाढेवर तशीच बसवायची स्टीलची टोपी, आमच्या मते सरस. सुई नाही, ड्रिल नाही. दाढा चिकटून असतील तर ३ ते ५ दिवस आधी फटीत रबरी कडी बसवतात. मग मापाची टोपी निवडून, आत ग्लास आयोनोमर सिमेंट (दाताला चिकटणारं सिमेंट) भरून दाबायची आणि मुलाला कापसाचा बोळा चावायला द्यायचा. टोपीखाली बंद झालेली कीड उपाशी मरते म्हणा ना! पहिले काही दिवस चावा उंच लागतो, हिरडी पांढरी पडते. दोन्ही आपोआप बसतं.

फसतं ते निवडीत. रात्री आपोआप ठणका लागतो, हिरडीवर पुळी आहे, दाढ हलते, अशा वेळी नस खराब झालेली असते. वर टोपी घातली तर आत पू साठतो; तिथे आधी नसेचा इलाज, नाहीतर दाढ काढणं. म्हणून एक्स-रे न काढता टोपीचा दर सांगणारा दवाखाना टाळा. टोपीच्या स्टीलमध्ये निकेल असतं, त्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

पांढरी झिर्कोनियाची (एक प्रकारच्या सिरॅमिकची) टोपी दिसायला छान, पण दाढ बरीच घासावी लागते आणि खर्चही जास्त. मागच्या दाढेला आम्ही ती सुचवणार नाही. चिक्कीसारख्या चिकट खाऊने टोपी निघू शकते. निघाली तर फेकू नका, डब्यात घालून घेऊन जा. आकार शाबूत असेल तर तीच पुन्हा बसते.