बुरशी घालवायचा क्लोरीन फवारा: फरशीला उत्तम, ओल्या भिंतीला अपुरा

बाटली 500 मिलीची, ट्रिगर दाबून मारायची. आत सोडियम हायपोक्लोराइट, थोडा कॉस्टिक सोडा आणि फेस आणणारा साबणी घटक. नाव कुठलंही असो, क्लोरीनवाल्या बहुतेक फवाऱ्यांचा मसाला हाच. सांगलीतल्या पावसाळी घरांसाठी तो घ्यावा का? बाथरूमसाठी जरूर घ्या. टाइल्सच्या सांध्यांत साचलेला काळा थर दहा-पंधरा मिनिटांत फिका पडतो आणि ब्रशच्या दोन हातांत निघतो. तिथे पाचपैकी चार गुण. झोपायच्या खोलीतल्या भिंतीला मात्र दोनच.

कारण असं की फवारा रंग आधी घालवतो. डाग पांढरा झाला की बुरशी गेली असं वाटतं, पण मेलेली बुरशी भिंतीवरच असते. तिचे बीजाणू आणि धाग्यांचे तुकडे मेल्यावरही ॲलर्जी देतात, आणि बुरशीची विषं त्यांनाच चिकटलेली असतात. ही विषं वाफ होऊन उडत नाहीत. कोंदट वास येतो तो वेगळ्या वायूंचा. वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही. प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निकामी करायला भांडी हायपोक्लोराइटच्या द्रावणात दोन तास बुडवून ठेवतात. उभ्या भिंतीवरून दहा मिनिटांत ओघळणाऱ्या फवाऱ्याकडून तेवढी अपेक्षा नको. म्हणून लेबलवर ‘99.9 टक्के’ छापलेलं असलं तरी पुसून काढणं हेच खरं काम.

‘काळी विषारी बुरशी’ या शब्दाने घाबरूनही जाऊ नका. रंगावरून जात कळत नाही. भिंतीवरची काळी बुरशी बहुतेकदा साधी क्लॅडोस्पोरियम असते. जिची जास्त भीती घालतात ती स्टॅकिबोट्रिस सतत भिजलेल्या कागदावर, पुठ्ठ्यावर, जिप्समच्या छतावर वाढते. घरातल्या हवेतून विषबाधा होते याचा पुरावा अजून कच्चा आहे. पक्कं आहे ते एवढं: ओल्या, बुरशीच्या घरात दमा बळावतो, खोकला आणि घरघर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली हेच सांगितलं. भिंत कोरडी करायला एवढं कारण पुरेसं आहे.

आता सांगलीची खास अडचण. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत ज्या घरांत कृष्णेचं पाणी शिरलं, तिथे गिलाव्यात क्षार मुरलेले असू शकतात. क्षार हवेतली ओल ओढतात, त्यामुळे पावसाळ्यात जुना पट्टा पुन्हा उमटतो. त्यातला पांढरा फुलोरा बऱ्याचदा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, असतो, बुरशी नव्हे. पाण्याचा थेंब लावून बघा: लोणा विरघळतो, बुरशी तशीच राहते. लोणा आलेल्या जागी फवारा मारणं म्हणजे पैसे भिंतीला पाजणं. ओल कुठून येते हे कळायला फूटभर पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस थांबा. आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून दमट झालं तर खोलीतली हवा दोषी.

वापरताना आधी पंखा बंद, खिडकी उघडी, तोंडाला एन-95 मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. कापडी रुमाल बीजाणू अडवत नाही. कोरडी बुरशी खरवडू नका, झाडूही फिरवू नका. एका फटक्यात बीजाणू घरभर होतात. वीतभर अंतरावरून भिंत भिजवा, दहा मिनिटं थांबा, घासा, ओल्या फडक्याने टिपून घ्या. फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. बारीक धुक्यासारखा उडणारा नोझल टाळा, फेस देणारा घ्या. धुकं थेट छातीत जातं.

फरशी धुवायचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर यासोबत कधीही नको. क्लोरीन वायू सुटतो. रंगीत डिस्टेंपरवर पांढरे ठिपके पडतात, ॲल्युमिनियमच्या चौकटी खरबरीत होतात, म्हणून कोपऱ्यात आधी तपासा. बाटलीची तारीखही बघा. उन्हाळ्याच्या उकाड्यात फळीवर पडून राहिलेलं हायपोक्लोराइट कमजोर होतं. सहा महिन्यांच्या आतली घ्या.

दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा केमोथेरपी घेणारी व्यक्ती घरात असेल तर काम चालू असताना त्यांना दुसऱ्या घरी पाठवा. डाग तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल तर बाटलीच्या भरवशावर राहू नका. बुरशी आत शिरलेलं प्लायवूड, गादी, पुठ्ठ्याची खोकी यांना हा फवारा लागू पडत नाही: आतल्या बुरशीपर्यंत तो नीट पोचत नाही. ती टाकून द्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा 60 टक्क्यांखाली राखा. जुलै-ऑगस्टात बाहेरचीच हवा दमट असते, त्यामुळे दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळत नाही. दारं लावून एसी ‘ड्राय’वर चालवणं बरं.

हा फवारा कोठीतल्या शेंगदाण्याच्या डब्यावर मारणारेही आहेत. तसं करू नका. शेंगदाण्यावरच्या हिरव्या-पिवळ्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, आणि ते भाजूनही पूर्ण जात नाही. हवेपेक्षा ताटातून येणारं हे विष जास्त पक्कं ठाऊक असलेलं आहे. असे दाणे निवडत बसू नका, डबाभर फेकून द्या, डबा धुऊन उन्हात वाळवा आणि ओल्या भिंतीजवळ पुन्हा ठेवू नका.